आपण त्या जहाजात नव्हतोच

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत पुण्याहून भाचा येतो आणि आमच्याकडच्या जुन्या भांडणांना नव्याने ऊत येतो. यंदाचं भांडण पार्क चौपाटीवर झालं. होम मैदानावरची धूळ अंगावर घेऊन आम्ही तिघं एका गाडीशी उभे होतो. मी, भाचा, आणि माझा शाळेपासूनचा मित्र, ज्याचा पूर्व भागात चादरीचा कारखाना आहे. विषय निघाला 'स्टार ट्रेक'चा, म्हणजे जहाजातून अंतराळात फिरणाऱ्यांच्या अमेरिकन मालिकेचा. भाच्याने तिच्या धाकट्या मालिकेचे, 'नेक्स्ट जनरेशन'चे १७८ भाग ओळीने पाहून संपवले होते आणि त्याचं म्हणणं असं, की १९६६ची मूळ मालिका आता बघवत नाही. खोटे दगड, पायजम्यासारखे गणवेश आणि संधी मिळाली की सदरा फाडून घेणारा कॅप्टन कर्क. मित्र पेटला. "काय बे, तुझा तो टकल्या कॅप्टन नुसता चहाच प्यायलाय की! मीटिंग घ्यायलाय, चहा प्यायलाय. जहाज हाय का झेडपी?" शेजारच्या गिऱ्हाइकांनाही हसू आलं, आणि मग अर्धा तास दोघं एकमेकांच्या कॅप्टनची उणीदुणी काढत राहिले.

ही भांडणं सगळीकडे अशीच चालतात. मूळ मालिकेचा कर्क की 'नेक्स्ट जनरेशन'चा पिकार्ड? आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं बालगंधर्व की केशवराव भोसले यावर रात्री जागवायची, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की १९२१च्या 'संयुक्त मानापमान'मध्ये ते दोघं एका रंगमंचावर उभे राहिले आणि लोकांना निदान कानांनी ऐकून ठरवता आलं. इथे तर दोन वेगळ्या काळांतली, वेगळ्या कामांवर नेमलेली माणसं समोरासमोर उभी करून कोण जास्त मर्द आणि कोण जास्त शहाणा, एवढंच विचारलं जातं. तंत्राचा मुद्दा तर सोडूनच द्यावा. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसं झगमगत अदृश्य होऊन खाली प्रकट होण्याची युक्ती निघाली. डॉक्टर मॅकॉयच्या हातातली काही उपकरणं म्हणजे मिठाच्या डब्या होत्या. ऐपत आल्यावरही पुढच्या पिढीने ती प्रकट होण्याची युक्ती तशीच ठेवली. मग थोरल्याच्या गरिबीची थट्टा धाकट्याच्या चाहत्याने का करावी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन्हींत 'नेक्स्ट जनरेशन' ही मोठी मालिका आहे, पण भाचा सांगतो त्यातल्या एकाही कारणासाठी नाही. आणि ते ठरवताना आपण माप कुणाचं वापरतो हे बघायला हवं. अमेरिकेतला प्रेक्षक ही मालिका जहाजात बसून बघतो. खुर्चीत कोण बसलंय, हा त्याच्या दृष्टीने मोठा प्रश्न असणारच. आपण, सोलापूरसारख्या गावातली माणसं, त्या जहाजात कधीच नव्हतो. आपण खालच्या ग्रहावर होतो. एके दिवशी जहाज आपल्याकडे आलं होतं.

आता मित्राच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी त्याच्या पदरात टाकतो. मूळ मालिका मी पाहिली ती ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी, दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या घरी. लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल, एक जण गच्चीत अँटेना धरून आणि एक जण जिन्यात "आलं, आलं, हां, हलू नको" असं ओरडत. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. टोकदार कानांच्या स्पॉकला माझी आजी 'कानवाला' म्हणायची. शहाणा दिसतोय, पण घरात कुणाशी पटत नसणार, हे तिचं निदान, आणि ते कथेच्या दृष्टीने बरोबरच होतं. भाषा कळत नसूनही आम्हाला गोष्ट कळायची, कारण तिचा सांगाडा कीर्तनातल्या आख्यानासारखा स्पष्ट होता. एक जण डोक्याने बोलतो, एक काळजाने, आणि दोघांचं ऐकून निर्णय तिसऱ्याला घ्यायचा आहे. कर्क, स्पॉक आणि मॅकॉय यांच्यातली ती ओढाताण 'नेक्स्ट जनरेशन'ला सात वर्षांत एकदाही साधली नाही. आणि पहिलेपणाची जोखीम तर होतीच. अमेरिकेत काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा होऊन जेमतेम एक वर्ष झालं असताना, १९६६ मध्ये, जहाजाच्या मुख्य कक्षात उहुरा ही काळी स्त्री अधिकारी म्हणून बसली. शेजारी सुलू हा आशियाई चेहऱ्याचा सुकाणूवाला होता. दुसऱ्या वर्षी शीतयुद्ध ऐन भरात असताना चेकॉव्ह हा रशियन येऊन बसला. उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. हे सगळं मालिकेचा कर्ता जीन रॉडनबेरी याने पहिल्यांदा केलं. १९८७ मध्ये धाकटी मालिका आली तेव्हा जमीन नांगरून तयार होती.

पण त्या का निघाल्या होत्या, हेही विचारायला नको का? त्यांना करण्यासारखं फार काही दिलं जात नव्हतं म्हणून. उहुरा खुर्चीवर होती, कानाला यंत्र लावून, आणि कथा तिला वळसा घालून पुढे जायची. जून १९६९ मध्ये दाखवलेल्या शेवटच्या भागात एक स्त्री कर्कला तोंडावर सांगते, की तुमच्या कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही. तक्रार रास्त होती. मालिकेने तिला वेडी ठरवून विषय मिटवला. पुढे धाकट्या मालिकेने सुरुवातीच्या घोषवाक्यातला 'जिथे कुणी पुरुष गेला नाही' असा अर्थ निघणारा शब्द बदलून 'जिथे कुणीच गेलं नाही' असा केला. एका शब्दाची दुरुस्ती, पण आपल्या बापाचं वाक्य मुलाने सर्वांदेखत दुरुस्त करावं, ते ही मालिका करते आणि त्याबद्दल बापाला शिव्याही देत नाही.

भाच्याला आवडणार नाही तेही सांगतो. 'नेक्स्ट जनरेशन'ची पहिली दोन वर्षं बहुतांशी टाकाऊ आहेत. पहिल्याच वर्षी 'कोड ऑफ ऑनर' नावाचा एक भाग आहे, ज्यात परग्रहावरची काळी माणसं जुन्या जंगलपटांतल्या टोळीवाल्यांसारखी दाखवली आहेत. थोरल्या मालिकेने वीस वर्षांपूर्वी जे कमावलं होतं ते या एका भागात मातीत गेलं. दुसऱ्या वर्षाचा शेवट तर जुने तुकडे जोडून केलेला आहे. चोविसाव्या शतकातली माणसं आपापसांत भांडणार नाहीत, हा रॉडनबेरीचा हट्ट लेखकांना जाचत होता, आणि भांडण नसलं की नाटक कुठून आणायचं? म्हणून त्या लांबलचक टेबलाभोवतीच्या बैठका. मित्राचा झेडपीचा टोला तिथे बरोबर बसतो. तिसऱ्या वर्षी मायकेल पिलर लेखनाचा प्रमुख झाला, बाहेरच्या कुणाचीही संहिता वाचायला घ्यायची दारं उघडली गेली, त्याच दारातून रोनाल्ड मूरसारखा चाहता आत येऊन लेखक झाला, आणि मग मालिका उभी राहिली.

आता मूळ मुद्दा. दोन्ही मालिकांत एक नियम आहे, 'प्राइम डायरेक्टिव्ह'. जे लोक अजून ताऱ्यांपर्यंत पोचलेले नाहीत त्यांच्या जगण्यात ढवळाढवळ करायची नाही, हा जहाजाचा पहिला दंडक. कर्कच्या काळात तो आला १९६७ मध्ये, आणि आला तो मोडण्यासाठीच. लांड्रू नावाचं यंत्र माणसांवर राज्य करतंय, कर्क ते बंद पाडतो. 'द ॲपल'मध्ये वाल नावाचं यंत्र माणसांना पोसतंय आणि बदल्यात त्यांच्याकडून चाकरी घेतंय, कर्क तेही जाळतो, आणि जहाजावर परतल्यावर सगळे हसतखेळत विनोद करतात. 'अ टेस्ट ऑफ आर्मगेडन'मध्ये दोन ग्रह पाचशे वर्षं संगणकावर युद्ध खेळतायत. संगणक मृतांची यादी काढतो आणि यादीतली माणसं मुकाट्याने मरणाच्या खोलीत चालत जातात. कर्क तो संगणक उडवतो. हा तिसरा भाग पाहताना आजही अंगावर काटा येतो, आणि यंत्र उडवणं योग्यच होतं असं मलाही वाटतं. माझी अडचण पुढे आहे. सोमवारी सकाळी त्या ग्रहावर काय झालं? वाल जळाल्यावर त्या लोकांना शेती कुणी शिकवली? जहाज पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ग्रहावर होतं.

हा प्रश्न सोलापुरातून विचारायला सोपा आहे. मे १८१८ मध्ये थॉमस मन्रोच्या फौजेने आपला भुईकोट घेतला. हा मन्रो मोठा विचित्र माणूस. आपण कर्क म्हणून ज्याला ओळखतो तसला तो नव्हता. इथल्या रीती, इथली पंचायत, इथला रयतेचा हिशोब शक्यतो मोडू नये, असं मानणाऱ्या त्या पिढीतल्या इंग्रजांपैकी तो एक. पुण्यात एल्फिन्स्टनही तसाच. पेशव्यांची दक्षिणा त्याने एकदम बंद केली नाही, तिच्यातूनच पुढे पाठशाळा काढली. आणि १ नोव्हेंबर १८५८ला राणीचा जाहीरनामा आला, तुमच्या धर्मात आम्ही हात घालणार नाही. म्हणजे प्राइम डायरेक्टिव्ह आपल्याकडे येऊन गेलेला आहे. तो जहाजावरच लिहिला गेला होता, आणि जहाज मात्र डोक्यावरून हललं नव्हतं. म्हणून पिकार्ड जेव्हा गंभीर आवाजात दंडकाचं पावित्र्य सांगतो तेव्हा माझ्यासारख्या माणसाच्या मनात पहिली पाल चुकचुकते ती हीच. ढवळाढवळ करणारा साहेब आणि न करणारा साहेब, दोघंही साहेबच ना?

इथे कुणी म्हणेल, मग तुम्हाला हवंय तरी काय? हस्तक्षेप केला तरी वाईट, नाही केला तरी वाईट. आक्षेप जोरकस आहे आणि महाराष्ट्राला तो नवा नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलींसाठी संमतीचं वय दहाचं बारा करायचं, एवढीच बाब. आगरकर म्हणाले, कायदा हवा. टिळक म्हणाले, आमच्या समाजातल्या सुधारणा परक्या सरकारने कायद्याने करू नयेत. आज आपण शाळेत हे दोन पक्ष असे शिकतो की जणू एक सुधारक आणि एक सनातनी, आणि विषय संपला. पण टिळकांचा प्रश्न, म्हणजे हे ठरवणारे तुम्ही कोण, तो खोटा होता का? आणि आगरकरांचा प्रश्न, तुमचं स्वराज्य येईपर्यंत त्या दहा वर्षांच्या मुलीने काय करायचं, तो खोटा होता का? मला विचाराल तर त्या वर्षी मी आगरकरांच्या बाजूने उभा राहिलो असतो. टिळकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नसतं.

जुन्या मालिकेत हा पेच जवळजवळ कधीच पडत नाही, कारण कर्कला उत्तर आधीच माहीत असतं. अपवाद एक, 'अ प्रायव्हेट लिटल वॉर', १९६८. एका बाजूला परक्यांनी बंदुका दिल्या म्हणून कर्क दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच बंदुका देतो. व्हिएतनामची छाया इतकी गडद आहे, की शेवटी कर्कचा चेहरा पडलेला दिसतो. तसे आणखी दहा भाग असते तर हा लेख मी उलटा लिहिला असता. नव्या मालिकेत पेच हाच विषय आहे. ती दर वेळी बरोबर उत्तर देते असं अजिबात नाही. १९९४ सालच्या 'होमवर्ड'मध्ये एका ग्रहाचं वातावरण नाहीसं होतंय, सगळे मरणार आहेत, आणि पिकार्ड दंडकाचं नाव घेऊन हात बांधून उभा राहतो. एका गावाला वाचवतो तो जहाजावरच्या वॉर्फ या अधिकाऱ्याचा मानलेला भाऊ, चोरून. त्या भागातला पिकार्ड मला सहन होत नाही. नियम पाळता पाळता माणसाचा पुजारी कसा होतो ते तिथे दिसतं. पण त्याच पिकार्डचा १९८९चा 'पेन पाल्स' आठवा. तिथेही बैठक भरलेली आहे, दंडकावर पांडित्य चाललंय, आणि डेटा या जहाजावरच्या यंत्रमानवाच्या यंत्रातून खालच्या ग्रहावरच्या एका लहान मुलीचा आवाज येतो, तू आहेस ना रे तिथे? बैठक गप्प होते. पिकार्डला कळतं की आता ही चर्चा उरली नाही. कुणीतरी हाक मारली आहे.

हाक. माझ्या लेखी सगळा फरक त्या एका गोष्टीत आहे. आमच्या भैया चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक आहे. सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. परक्या देशाच्या युद्धात शिरणं, ही ढवळाढवळ नाही का? चौपाटीवर मित्राने मला नेमकं हेच विचारलं आणि क्षणभर मला उत्तर सुचलं नाही. पण चिनी सेनानी जू-द यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले होते, म्हणून ते पथक गेलं. गेल्यावर कोटणीस ती भाषा शिकले, तिथल्या मुलीशी लग्न केलं, तिथलेच झाले. जहाज वर ठेवून ते खाली उतरले नव्हते. वर परतण्याची सोय हाताशी ठेवणारा आणि बोलावल्यावर जाऊन तिथलाच होणारा, या दोघांना एकाच मापाने कसं मोजायचं?

आणि आता तो भाग, ज्यासाठी मी हा सगळा पसारा मांडला. फेब्रुवारी १९९१, 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'. भागाची सुरुवात एका इस्पितळात होते. जखमी माणूस आणलाय, डॉक्टर त्याला तपासतायत आणि त्यांच्या लक्षात येतं की याची इंद्रियं जागच्या जागी नाहीत. हा आपल्यातला नाही. तो जखमी माणूस म्हणजे आपला रायकर, पिकार्डच्या हाताखालचा अधिकारी, वेश पालटून आलेला. इथे आपण आणि कॅमेरा खालच्या ग्रहावर आहोत. जहाज ही अफवा आहे. त्या ग्रहाचे लोक ताऱ्यांपर्यंत पोचायच्या बेतात आहेत, म्हणून पिकार्ड आधी त्यांच्या विज्ञानमंत्री मिरास्टा येल हिला आणि मग त्यांच्या प्रमुखाला, डर्केनला, भेटतो. एक मंत्री परक्यांना इतका घाबरलाय, की रायकरच्या हातून आपण मेलो असं भासवण्यासाठी तो स्वतःवरच हत्यार चालवून घेतो. शेवटी डर्केन शांतपणे विचार करतो आणि पिकार्डला सांगतो, की आमचे लोक अजून तयार नाहीत, तुम्ही जा. पैसा तो यानावरून काढून शिक्षणाकडे वळवायचं ठरवतो. पिकार्ड वाद घालत नाही. निघून जातो.

असा भाग जुन्या मालिकेच्या ७९ भागांत नाही. असता तर डर्केन हा एखाद्या यंत्राचा गुलाम निघाला असता आणि कर्कने ते यंत्र जाळलं असतं. यात कर्कचा स्वभाव दोषी आहे असं मी म्हणत नाही. त्या काळच्या अमेरिकेला 'तुम्ही जा' हे वाक्य ऐकायची सवयच नव्हती. सत्तरच्या दशकात सायगावच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरं उडाल्यानंतर ती सवय थोडीफार लागली. सोलापूरकरांनी मात्र ते वाक्य मे १९३० मध्ये म्हणून पाहिलं होतं. तीन दिवस गावात सरकार नव्हतं, गाव गावाने चालवलं. मग मार्शल लॉ आला, आणि पुढच्या जानेवारीत चार जणांना येरवड्यात फाशी झाली. डर्केनला मिळालं ते उत्तर आपल्याला मिळालं नाही. म्हणून तो भाग पाहताना पिकार्ड खाली मान घालून निघतो तिथे माझा घसा दाटून येतो, आणि पुण्यातल्या भाच्याला त्यात एवढं काय आहे हे कळत नाही.

१९९१ मध्येच 'डार्मॉक' हा भाग आला. परग्रहावरची तमारियन नावाची एक जमात सगळं दाखल्यांतून बोलते. यंत्र शब्द भाषांतरित करतं, अर्थ हाती लागत नाही. 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा' म्हणजे अपयश. मूळ गोष्ट माहीत नसेल तर वाक्य म्हणजे नुसती नावं. चाहते म्हणतात, अशी भाषा असूच शकत नाही. त्यांना मराठी येत नाही, एवढंच मी म्हणेन. 'दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही' हे पानिपतचं वर्तमान ज्या भाषेत घरोघरी ठाऊक आहे, जिथे 'ध'चा 'मा' झाला म्हटलं की एक अख्खा खून समोर येतो, तिथे हे तमारियन आपल्या आळीतलेच वाटतात. आमच्या गावात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका रिक्षात बसतात. 'चार पुतळ्यापाशी सोड' असं सांगितलं की रिक्षावाल्याला चौक कळतो, आणि कुणाचे चार हेही त्याला कळतं. जुन्या मालिकेत भाषेचा प्रश्न यंत्राने सोडवून टाकलेला होता. नवीने ते यंत्र फसवून दाखवलं. पिकार्डला कळायला एक माणूस मरावा लागला, आणि अखेर तो त्या मरणाऱ्याला प्राचीन मेसोपोटेमियातल्या गिल्गमेशची गोष्ट सांगत बसतो, कारण दाखल्याला दाखलाच द्यावा लागतो.

मित्राच्या कारखान्यात यंत्राविषयी माझं वेगळंच शिक्षण झालं आहे. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ वरून फिरते. भोक असेल तिथे सुई आत जाते, दोरा उचलला जातो, आणि खाली मोर उमटतो. संगणकाचे पूर्वज तेच पुठ्ठे. डेटाची जन्मकुंडली काढली तर ती त्या खटखटाटात सापडेल. 'द मेझर ऑफ अ मॅन' या १९८९च्या भागात खटला चालतो तो याच प्रश्नावर. डेटा हा स्टारफ्लीटच्या, म्हणजे त्या जहाजांच्या आरमाराच्या मालकीचा आहे की स्वतःचा? बार सांभाळणारी गायनन, एक काळी स्त्री, पिकार्डला हळूच सुचवते, की असे हजारो डेटा बनवले तर ती वापरून टाकण्याजोग्या माणसांची एक अख्खी जात होईल. गुलामी हा शब्द पिकार्ड उच्चारतो. आम्हाला त्यासाठी अमेरिकेचा इतिहास लागत नाही. १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, मग इतर गिरण्या आल्या, आणि फाटकापाशी रोज पहाटे बदली कामगार उभे राहू लागले. आज नंबर लागला तर माणूस, नाही लागला तर कुणीच नाही.

न्याय करायचा तर थोरल्या मालिकेचा एक भाग मी या सगळ्याच्या बरोबरीने ठेवीन. 'द डेव्हिल इन द डार्क', १९६७. खाणीत एक प्राणी कामगारांना मारतोय, त्याला ठार मारायला सगळे उतरलेत. स्पॉक त्या दगडासारख्या प्राण्याच्या अंगाला हात लावतो आणि वेदनेने ओरडतो. ती आई आहे. ज्यांना खाणकामगार चकचकीत गोटे म्हणून फोडत होते ती तिची अंडी आहेत. कर्क बंदूक खाली करतो, तिच्याशी आणि कामगारांशी तडजोड घडवतो आणि निघतो. बघा, तिथेही कुणीतरी खालच्याचं ऐकलं. तो भाग मित्राने परवा फोनवर मला मोठ्या विजयाने ऐकवला, आणि मी तो मान्य केला. फक्त एवढंच म्हणालो, की जुन्या मालिकेत हे ऐकणं स्पॉकच्या हाताला जमलेली जादू होती. नवीत ते सगळ्यांना शिकावं लागतं, चुकत, बैठका घेत. झेडपी म्हण हवं तर.

भाचा गड्डा संपल्यावर सकाळच्या हुतात्माने परत गेला. फलाटावर गाडी लेट असल्याचं सांगत होते, 'हुतात्मा लेट आहे', आणि पिकार्डचं भाषांतरयंत्र या वाक्याचं काय करेल असा विचार करत मी चहा घेतला. 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'मध्ये शेवटी ती मिरास्टा पिकार्डला म्हणते, मलाही घेऊन चला, आणि जहाजात बसून निघून जाते. त्याबद्दल मी भाच्याला काही बोललो नाही. त्याच्या कंपनीचं अमेरिकेचं पत्र आलेलं आहे.

त्याच रात्री मित्राचा फोन आला. मी सांगितलेला भाग बघत होता, पण कारखान्यातून दमून आलेला, शेवटाआधीच डोळा लागला.

"मग काय झालं बे? उडवला का नाही त्यांचा कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर नव्हताच. ते म्हणाले जा, हा गेला."

"निघून गेला? काहीच न बोलता?"

"काहीच नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चहा तरी पाजला का त्यांनी?"